लेआबाईची सांधलेली घागर

गोदावरीच्या काठी करंजखडी नावाचे लहानसे गाव आहे. त्या साली नाताळाच्या आधी पंधरा दिवस शांतवन महाराजांचा मुक्काम तिथे होता. महाराज ख्रिस्ताचे भक्त. अंगावर घोंगडी, गळ्यात कडुनिंबाच्या लाकडाचा क्रूस आणि हातात एकतारी, याखेरीज त्यांच्यापाशी काही नसे. ख्रिस्ती देवळाच्या पाळकसाहेबांनी आपल्या ओसरीवर त्यांच्यासाठी खाट टाकली होती, पण महाराज देवळासमोरच्या करंजाखालीच राहिले. "बाळ येशूला धर्मशाळेत जागा मिळाली नाही. मला आख्खं झाड मिळालं, म्हणजे चैनच की!" असे म्हणून ते हसत.

देऊळ ख्रिस्ती वस्तीचे, मातीच्या भिंतींचे. वर्षभराच्या धुराने काळवंडलेल्या त्या भिंतींना नाताळाआधी चुन्याचा हात द्यायचा, हे काम लेआबाईच्या घराण्याचे. आधी तिचे यजमान योहान देत, ते गेल्यावर ती देऊ लागली. वेदीशेजारी, जमिनीलगत एक बुटका कोनाडा होता. नाताळाच्या सकाळी त्यात गवत पसरून मातीचा बाळ येशू निजवीत, म्हणून सगळे त्याला गव्हाण म्हणत. लेआबाई तो कोनाडा सर्वांत शेवटी रंगवी, आणि तोही कुंचल्याने नव्हे, बोटांनी. तान्ह्या लेकराला तेल लावावे तसे. तिला वाचता येत नव्हते, गाताही येत नव्हते. देवासाठी येत होते ते एवढेच.

त्या साली मात्र पंचांचे प्रमुख शलमोन मास्तर यांनी सभेत जाहीर केले होते, की यंदा चुना नको, शहरातून तेलाचा रंग येईल. मास्तर विद्वान गृहस्थ. शास्त्राचे अध्यायच्या अध्याय त्यांना तोंडपाठ. गावातला पहिला बाप्तिस्मा त्यांच्या आजोबांचा, ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. पण चोवीस तारीख उजाडली तरी रंगाची गाडी काही आली नाही. तेव्हा मास्तरांनी भट्टीवरून चुन्याचे पोते आणवले, बायकांना नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर पाठवून पाणी आणवले आणि देवळाच्या अंगणात लोखंडी पिंप मांडले.

लेआबाईने पोत्यात हात घालून पाहिले आणि ती चपापली.

"मास्तर, हा कळीचा चुना हाये. विरायला चार दिस तरी पाहिजेत. आज पाणी घातलं तर उकळून अंगावर येईल."

"आता तू मला शिकवणार?" मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं पोरं शिकवली मी. तुला दहा आज्ञा सांग म्हटलं तर सातवीवर गाडी अडते, आणि मला चुना शिकवतेस!"

जमलेली मंडळी हसली. लेआबाईही ओशाळून हसली. गरिबाला आपल्यावरच्या हसण्यात सामील व्हावे लागते.

मास्तरांचे लक्ष मग तिच्या घागरीकडे गेले. झिऱ्यावरून भरून आणलेली मातीची घागर, काठापासून पोटापर्यंत चीर गेलेली. योहानाने ती चुना आणि गूळ कालवून सांधली होती. तरी थेंब थेंब गळेच.

"ती घागर आधी बाहेर ने. सणाच्या दिवशी देवाच्या दारात ठिगळं नकोत. आणि हे बघ, यंदा गव्हाण आमची सून रंगवेल. तिला नक्षी काढता येते."

 घागर कमरेवर घेऊन लेआबाई करंजाखाली आली आणि महाराजांपुढे मटकन बसली.

"महाराज, माझ्याजवळ तेवढंच होतं हो."

"आणि आता काय आहे?" महाराजांनी विचारले.

 ती म्हणाली, "राग हाये. खोटं कशाला बोलू? प्रार्थनेला डोळे मिटले तरी मास्तरांचंच तोंड पुढं येतं. सण आला, पण माझ्या आत काहीच आलं नाही, महाराज. समदं कोरडं झालंय."

महाराजांनी उपदेश केला नाही. ओंजळ पुढे करून ते म्हणाले, "पाणी दे बाई." ते ओंजळभर प्याले, तोंड पुसले आणि घागरीत डोकावले. अर्धीअधिक रिकामी होती. "राहू दे उरलेलं," ते म्हणाले. "लागेल."

तोच अंगणात किंकाळी उठली.

मास्तरांनी सगळे पाणी एकदम पिंपात ओतवले होते, आणि मंडळी मागे सरली तेव्हा "भित्रे कुठले!" म्हणत स्वतःच काठी घेऊन ढवळायला वाकले होते. चुना खदखदून वर आला आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत उडाला! मास्तर जमिनीवर लोळू लागले. "डोळे गेले! देवा, डोळे गेले माझे!" कोणी म्हणे तेल घाला, कोणी म्हणे पाणी लावू नका, आणखी उकळेल. आणि पाणी लावायचे तरी होते कुठे? होते नव्हते ते पिंपाने गिळले होते. झिरा पाऊण मैलावर.

करंजाखाली उभ्या लेआबाईच्या मनात पहिला शब्द आला तो असा: बरं झालं.

आला मात्र, आणि ती स्वतःलाच भ्याली. तिने महाराजांकडे पाहिले. महाराज तिच्याचकडे पाहत होते.

"घागर उचल," महाराज म्हणाले.

"तुम्ही ओता, महाराज. तुमचा हात पुण्याचा."

"घागर तुझी, रागही तुझा. दोन्ही तुलाच ओतायचे आहेत."

"पर एवढ्याशा पाण्यानं काय व्हणार?"

"पाण्याकडे बघू नकोस, माझ्याकडेही बघू नकोस. त्यांच्या डोळ्यांकडे बघ."

लेआबाई धावली. मास्तरांच्या सुनेने त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि पापण्या बोटांनी उघडून धरल्या. लेआबाईने घागर कलती केली आणि त्या डोळ्यांत पाहिले. तिथे विद्वान नव्हता, पंच नव्हता. भ्यालेले एक माणूस होते, पाण्यातून काढलेल्या मासोळीसारखे तडफडणारे. आजारपणात तिचा योहान असाच बघायचा. "येशूबाबा," ती पुटपुटली, "ह्यांचे डोळे राखा. माझी गव्हाण जाऊ द्या, पर डोळे राखा."

पाणी पडत राहिले. पांढरे ओघळ आले, मग दुधी, मग फिके. आता संपेल, मग संपेल, असे लेआबाईला वाटत होते. हाताला तर काही निराळेच कळत होते. घागर हलकी होत नव्हती! पाणी मास्तरांच्या कानांवरून उतरले, मातीत मुरले, मुरेनासे झाले, पिंपाला वळसा घालून वाहू लागले. बायकांनी लुगडी आवरली. पाण्याचा ओहोळ करंजाच्या मुळांशी पोहोचला, तिथून रस्त्याला लागला. आणि त्या चिरेतून एक थेंब गळत नव्हता.  हे किती वेळ चालले याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. कोणी अर्धी घटका म्हणतात, कोणी त्याहून जास्त. आपण त्या वादात न पडलेले बरे.

अखेर महाराज म्हणाले, "पुरे, बाई."

लेआबाईने घागर खाली ठेवली. तिच्यात अजून तेवढेच पाणी होते.

मास्तरांनी पापण्या उघडल्या. डोळे इंगळासारखे लाल, पण त्यांत बुबुळे हलली. सर्वांत आधी त्यांना दिसले ते दोन हात, चुन्याने वर्षानुवर्षे फुटलेले, भेगाळलेले. मग ती सांधलेली घागर. मग भिजलेले सगळे अंगण. मास्तर कसेबसे उठले आणि महाराजांच्या पायांवर वाकू लागले. महाराज झटकन बाजूला झाले.

"मी तर एक ओंजळ कमीच केली होती त्यातली," महाराज म्हणाले. "द्यायचं त्यानं दिलं, आणि ओतायचं हिनं ओतलं. तुम्हाला शास्त्र पाठ आहे मास्तर, गव्हाणीत कोण निजला ते मी काय सांगू!"



दुसऱ्या दिवशी करंजखडीचा नाताळ काळ्या भिंतींतच झाला. न रंगवलेल्या गव्हाणीत बाळ येशू निजला. मास्तरांनी शास्त्र वाचायला उभे राहायचे होते. ते उभे राहिले, डोळ्यांना पाणी आले, "आज दुसऱ्या कोणी वाचा" म्हणाले आणि मागे बायामाणसांत जाऊन बसले. त्या दिवशी जी गाणी झाली तशी गावात फार वर्षांत झाली नव्हती.

चुना विरला नाताळानंतर पाचव्या दिवशी. तो पातळ करायला लागणारे पाणी झिऱ्यावरून मास्तरांनी स्वतः आणले. कोणाचीही पितळी कळशी घेतली नाही. तीच घागर मागून घेतली, आणि ती आता वाटभर गळत होती. भिंती झाल्या. कोनाडा राहिला. मास्तर चुन्याची वाटी घेऊन लेआबाईपुढे आले.

"लेआताई, गव्हाण तुमची. तुम्हीच रंगवा."

"आधी एक बोट तुमी लावा, मास्तर. मग मी हायेच."

कोनाडा बुटका होता. उभ्याने हात पोचेना, बसूनही पोचेना. मास्तर गुडघे टेकून खाली वाकले, आणखी वाकले, आणि कपाळ जमिनीला लागले तेव्हा कुठे त्यांचे बोट गव्हाणीत पोचले. ते तसेच राहिले, बराच वेळ. बाहेर करंजाखाली एकतारी वाजत होती.

करंजखडीत अजूनही देवळाला चुना नाताळानंतर पाचव्या दिवशीच देतात, आणि गव्हाणीला पहिले बोट लावायला गावातला सर्वांत मानाचा माणूस गुडघे टेकतो.