उडुपाला मारलेली हाक

त्रेतायुग उतरणीला लागले होते आणि राजांना पराक्रमापेक्षा वंशावळीचीच चिंता अधिक वाटू लागली होती, त्या काळची ही कथा आहे. दंडकारण्याच्या सीमेवर पयोधारा नावाची विशाल नदी वाहत असे, आणि तिच्या दक्षिण तीरावर, जांभळींच्या निबिड छायेत, भगवान पितृनाथाचे तिलपद नावाचे पुरातन मंदिर उभे होते. त्याच्या घाटाच्या पायऱ्या काळ्या तिळांनी सदैव माखलेल्या असत. तेथे सोडलेले उदक त्याच क्षणी पितरांच्या कंठी उतरते, अशी त्या स्थळाची त्रिलोकात ख्याती होती.

नदीच्या उत्तरेस प्रांशुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. करीत होता म्हणजे सिंहासनावर बसत होता. राज्य मिळवले ते पूर्वजांनी, राखले ते धृतवर्मा नामक त्याच्या पित्याने. याने फक्त मिशांना पीळ दिला.

धृतवर्म्याचा पणजा उडुप हा पयोधारेवरचा नावाडी होता. एका धर्मशील राजाचे पराभूत सैन्य शत्रूने नदीकाठी कोंडले असता, भर पुरात, तीन अहोरात्र डोळ्याला डोळा न लावता या एकट्या पुरुषाने ते आपल्या नावेतून पार केले. त्या उपकारापोटी त्याला उत्तर तीरावरची बारा गावे मिळाली आणि त्यांतूनच पुढे हे राज्य वाढले. पण उडुपाने वल्हे काही सोडले नाही. कोणत्याही तीरावरून कोणी ‘उडुपाऽ’ अशी हाक घातली की मधल्या धारेतून ‘आलोऽ’ असा प्रतिसाद येई आणि पाठोपाठ नाव येई. असा पूर्वज लाभला तर माणसाने मान ताठ करून चालावे. प्रांशुकेतूला मात्र त्याची लाज वाटत असे.

यथाकाल धृतवर्मा मृत्युशय्येवर पडला, तेव्हा त्याने पुत्राचा हात हातात घेतला.

“वत्सा, माझी सपिंडी तिलपदालाच कर. बाराव्या दिवशी माझा पिंड माझ्या तीन पूर्वजांच्या पिंडांत मिळेल तेव्हाच मला पितरांत स्थान लाभेल. तोवर मी प्रेत. त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत ते घडले नाही, तर कल्पान्तापर्यंत मी तहानेने तळमळत राहीन. माझ्या पणजोबांचे नाव मोठ्याने घे, बाळा. ते पाण्यावर असतील. हाक नीट पोचली पाहिजे.”

एवढे बोलून त्या वृद्ध राजाने प्राण सोडला. पुत्र रडला, आणि डोळे पुसता पुसताच त्याच्या मनात आले की सपिंडीला चौदा मांडलिक येणार, त्यांच्यादेखत नावाड्याचे नाव कसे घ्यायचे? त्याने तत्काळ वाक्पल्लवाला बोलावले. हा वाक्पल्लव दरबारचा पंडित होता. त्याला शास्त्र थोडे येत होते, आणि राजाचे तोंड पाहून ते वाकवता मात्र उत्तम येत होते.

“महाराज, उडुप म्हणजे तराफा, हे खरे,” वाक्पल्लव म्हणाला. “पण उडुप म्हणजे नक्षत्रनाथ चंद्रही! तेव्हा आपण चंद्रवंशीय.”

राजाने नाक मुरडले. “त्या नावाला मासळीचा वास येतो, पंडित. मला नावच नको.”

“मग विधीच पाहावा! पिता वसुस्वरूप, पितामह रुद्रस्वरूप, प्रपितामह आदित्यस्वरूप, असा संकल्प आहे. आपल्या तातांचे प्रपितामह साक्षात आदित्य! हे सूर्यकुलभूषणा, शास्त्रच आपणांस सूर्यवंशीय म्हणते, तेथे मी कोण नाही म्हणणार?”

वाचकहो, हे विशेषण श्राद्धात सर्वांच्याच पणजोबांना लागते. गुराख्याच्या लागते, परटाच्या लागते, आणि वाक्पल्लवाचा पणजा जो कोण असेल त्यालाही लागत होते. हा न्याय धरला तर आर्यावर्तात सूर्यवंशाबाहेरचा मनुष्य औषधालाही सापडायचा नाही. नवशिक्या याज्ञिकाला कळते ते या राजाला कळले नाही, कारण त्याला ते कळून घ्यायचेच नव्हते. त्याने पंडिताच्या गळ्यात मोत्यांचा हार घातला आणि कोणी कधी न पाहिलेला, कोणाच्या पोटी न जन्मलेला ‘प्रभाकरवर्मा’ नामक पूर्वज त्या दिवशी जन्माला आला.

बाराव्या दिवशी तिलपदाच्या घाटावर चौदा मांडलिक आपापल्या छत्रांखाली विराजमान झाले. तेथील आचार्य कुशाक्ष ऋषी विधीला बसले. या ऋषींच्या तपाला जशी सीमा नव्हती, तशी त्यांच्या तिरसटपणालाही नव्हती. धृतवर्म्याच्या प्रेतपिंडाचे तीन भाग झाले. पहिला पित्याच्या पिंडात मिळाला, दुसरा पितामहाच्या पिंडात मिळाला. राजाने “आदित्यस्वरूप प्रभाकरवर्मा” असे खणखणीत स्वरात उच्चारून तिसरा भाग तिसऱ्या पिंडाला लावला, आणि तो वाळूसारखा फुटून खाली पडला. पुन्हा भात मळला, मध घातला, पुन्हा लावला, पुन्हा फुटला. तिसऱ्या खेपेस जांभळींतून कोरडा वारा सुटला आणि त्या वाऱ्यात धृतवर्म्याचा क्षीण स्वर उमटला.

“बाळा, पाणी... पणजोबांना हाक घातलीस ना?”

कुशाक्षांनी दर्भ खाली ठेवले. “राजा, हा प्रभाकरवर्मा कोण?”

वाक्पल्लव पुढे सरसावला. “भगवन्, शास्त्रदृष्ट्या पाहता...”

“तू गप्प बैस!” ऋषी गरजले. “पितर काय तुझ्या दरबारातले भाट आहेत, की म्हणशील त्या नावाने उठून उभे राहतील? राजा, ज्याच्या घामावर तुझे सिंहासन उभे आहे तो या क्षणी पाण्यावर थांबला आहे. तुझा बाप तहानेने तडफडतो आहे. सूर्य झाडांना टेकला. बोल!”

राजाने सूर्याकडे पाहिले नाही की जांभळींकडे पाहिले नाही. त्याने मांडलिकांकडे पाहिले. बापाच्या घशाला कोरड पडली होती आणि हा मुकुट सरळ करीत बसला होता! शी! असल्या पुत्रापेक्षा निपुत्रिक मेलेले काय वाईट?

वाऱ्यातला स्वर आणखी क्षीण झाला. तेव्हा कुठे त्या नरश्रेष्ठाने, ऋषींच्या भयाने म्हणा की बापाच्या दयेने म्हणा, उत्तरीय तोंडावर धरले आणि शिंक आल्यासारखे करून आतल्या आत पुटपुटला, “नावाडी... उडुप.”

शेजारच्या पुरोहितालाही ते ऐकू गेले नाही. पण भर पुरात पैलतीराची हाक टिपणारा कान होता तो! तत्क्षणी मधल्या धारेतून, साऱ्या घाटाला ऐकू जाईल असा दणदणीत स्वर आला, “आलोऽ!”

पाणी दुभंगले, ओल्या दोरांचा वास दरवळला, आणि पानावरचा तिसरा भाग आपण होऊन पिंडात मिळाला. “पोचलो रे, बाळा,” एवढेच धृतवर्मा म्हणाला आणि वारा पडला.

मांडलिकांतला सर्वांत वृद्ध राजा उठला, नदीकडे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “याच हाकेने आमच्या पणजोबांना त्या पुरातून पार नेले होते. राजन्, अशा पुरुषाच्या वंशात जन्मून तुम्ही त्याला इतके दिवस लपवलेत?” मग उरलेले तेराही जण उठले. बसलेला असा एकटा प्रांशुकेतूच राहिला.

“भगवन्, मी नाव घेतले!” तो कुशाक्षांपुढे गयावया करू लागला.

“घेतलेस, शिंकल्यासारखे!” ऋषींनी हातात उदक घेतले. “तर ऐक. ज्या दिवशी तुझी सपिंडी होईल त्या दिवशी तुझ्या पुत्राला तुझे नाव आठवणार नाही, आणि त्यानंतर ते कोणालाही आठवणार नाही. आणि हे उडुपा, पुटपुटलेली हाकही तू ऐकलीस. तिलपदावर पहिली अंजली तुझी. तुझ्यानंतर इतरांचे पितर.”

तेव्हापासून तिलपदाला श्राद्ध करणारा प्रथम नदीकडे तोंड करून उडुपाला हाक घालतो, आणि मग आपल्या पूर्वजाचे नाव त्याच्या व्यवसायासकट मोठ्याने सांगतो: तेली असेल तर तेली, गवंडी असेल तर गवंडी. पैलतीरावरचे नावाडी ‘आलोऽ’ म्हणून ओरडल्याखेरीज आचार्य पिंडाला हात लावू देत नाहीत.

राजाला मी प्रांशुकेतू म्हणत आलो, ते नाव माझ्या पदरचे आहे. गोष्ट सांगायला काहीतरी नाव लागते म्हणून वाक्पल्लवासारखे मीही एक बनवले. त्याचे खरे नाव काय होते, ते त्याच्या सपिंडीच्या दिवसापासून आजतागायत कोणालाच सांगता आलेले नाही. नावाड्याचे नाव मात्र उडुपच.