हवा मोजणारा

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. गॅरेज सांगलीचं होतं की मिरजेचं, हेही आता नक्की सांगता येत नाही. माझी पत्नी शैलजा साठीनंतर ज्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकली, ती गाडी गचके देऊन बंद पडू लागली होती. मॅनेजर घोरपडे खुर्चीतूनच म्हणाले, "मॅडम, इंजिन गेलं. भंगारात द्या. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"कॉम्प्युटरला कोण सांगतं?"

"इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा सेन्सर."

शैलजानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे हे तसेच. झुळूक आली तरी वादळ आलं म्हणतात. म्हणून काही मी घर मोडलं नाही! त्या सेन्सरची वायर काढून गाडी सुरू करा पाहू."

वायर काढली, तर इंजिन न अडखळता चालू लागलं. घोरपडे खुर्चीतून उठले. "मग सेन्सर टाकून देऊ?"

"टाकताय कशाला? धूळ बसली असेल बिचाऱ्यावर. साफ करून परत लावा. त्याच्यावाचून बरं चालायचं नाही."

गाडी घरी आली. शेवटचं वाक्य तिनं माझं मन राखायला म्हटलं असावं, ही शंका मात्र मला छळत राहिली. पुष्कळ वर्षांनी एका इंजिनिअरला विचारून खात्री करून घेतली: सेन्सरवाचून गाडी चालते, पण फार काळ नीट चालत नाही.