मिठाईवाल्याचं पांढरं फडकं

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका. तुमच्या खापरपणजोबांचाही जन्म झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि तिथे एक मिठाईवाला होता. त्याचा पेढा तोंडात पडला की भांडणारे गप्प होत.

नगरात धूर फार झाला, तेव्हा राजाने एक रीत घालून दिली. प्रत्येकाने आपल्या चुलीवर महिनाभर पांढरं फडकं टांगायचं आणि जत्रेच्या दिवशी ते चौकात दाखवायचं. ज्याचं फडकं सर्वांत पांढरं, त्याला मानाची शाल.

मिठाईवाला हुशार. दूध आटवायच्या सगळ्या भट्ट्या त्याने डोंगरापलीकडच्या वाडीत, धाकट्या बहिणीच्या अंगणात हलवल्या. तिने खवा करायचा, गाडीवानाने तो पहाटे आणायचा आणि याने त्यात साखर मळून पेढे वळायचे.

सलग सात वर्षं शाल त्यालाच मिळाली. स्वारी अगदी फुगून गेली होती.

तिकडे वाडीत रोज ताज्या खव्यासाठी रोज झाडं तुटत. लाकूड वाळायला सवडच नसे, ओलंच भट्टीत जाई. ओलं लाकूड जळतं कमी आणि धुमसतं जास्त. बहीण दिवसभर कढईशी उभी असे. तिचा खोकला काही केल्या थांबेना.

सातव्या जत्रेला ती भावाकडे आली.

"दादा, खवा एक दिवसाआड नेशील का? लाकूड वाळेल, धूर कमी होईल. मला श्वास पुरत नाही रे."

"अगं, गिऱ्हाईक रोज ताजं मागतं," तो म्हणाला. "आणि धूर आहे तो तुमच्या वाडीत. माझं फडकं बघ, कुठे डाग आहे का?"

तिने फडकं नीट पाहिलं. "नाही रे दादा, एकही नाही," ती म्हणाली आणि परत गेली.

पुढच्या जत्रेत आठवी शाल खांद्यावर पडली, तेवढ्यात गाडीवान रिकामी गाडी घेऊन आला. "मालक, ताई गेल्या," एवढंच तो बोलला.

मिठाईवाला हातातल्या फडक्यासकट धावत सुटला. आठ वर्षांत तो डोंगर पहिल्यांदाच ओलांडत होता. डोंगर बोडका झाला होता. वाडीतली पोरंही खोकत होती. बहिणीवर घालायला एकही स्वच्छ कापड वाडीत नव्हतं, म्हणून त्याने ते फडकं तिला पांघरलं. भट्ट्या अजून धुमसत होत्या, त्या विझवायचं कुणाला सुचलं नव्हतं. बघता बघता फडक्यावर काजळी बसू लागली. तो रडत रडत ती झटकत होता आणि काजळी आणखीच पसरत होती.

तेव्हापासून नगरात पेढे एक दिवसाआड मिळू लागले. लोक आधी कुरकुरले, मग सवय झाली. वाडीत लाकूड वाळवायला मांडव उभे राहिले, डोंगरावर रोपं लागली. पुढच्या वर्षी मिठाईवाल्याने फडकं आपल्या चुलीवर टांगलंच नाही, बहिणीच्या भट्टीवर टांगलं. ते करडं निघालं, आणि तेच त्याने चौकात सर्वांना दाखवलं. शाल दुसऱ्याला गेली.

हळूहळू वाडीतल्या पोरांचा खोकला थांबला. पण त्याला दादा म्हणणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या घासासाठी पेटलेल्या चुलीचा धूर डोंगरापलीकडे निघाला, तरी तो आपलाच असतो.