न्हाणीचा पाइप आणि जीप

घाटाखालच्या वाडीत एक जीप होती बघा, म्हातारी पण मानी. चढ लागला की तिला धाप लागायची, कारण बॉनेटखाली तापलेली हवाच ती परत ओढायची. मालक धोंडू वैतागून म्हणाला, "आज वरच्या वाडीला पोचली नाहीस, तर भंगारात घालीन."

तरी जीव होता त्याचा तिच्यावर. त्यानं न्हाणीचा पाइप कापला, एक टोक इंजिनाच्या हवेच्या डब्याला जोडलं आणि दुसरं पुढं चाकाजवळ खाली सोडलं. बायको यमुना म्हणाली, "आता न्हाणीचं पाणी चुलीत सोडू का?"

बाहेरची हवा मिळाली तशी जीप निम्मा घाट भराभर चढली. पाइप फुशारला. "बघ, सावलीतला गारवा पाजतोय तुला."

पुढं ओढा दिसला. जीप घाबरली. "तोंड वर घे रे. पाणी आत आलं तर मी इथंच संपले."

"वर ऊन आहे. गारवा गेला तर मला कोण ठेवील?"

"मी ठेवीन. कोमट हवेवर हळू चढेन, पण पाण्यावर कशी चढू?"

 तसं पाइपानं आपल्याला आवळणारी पट्टी सैल केली आणि खडखडायला लागला. आवाज ऐकून धोंडू ओढ्याअलीकडं उतरला. पट्टी आवळताना त्याला पुढचं पाणी दिसलं, तसं त्यानं पाइपाचं तोंड उचलून काचेच्या कडेला, टपाच्या उंचीवर सुतळीनं बांधलं.

पाणी बंपरच्या वर आलं, पण पाइपापर्यंत पोचलं नाही. पलीकडं खिंडीतला वारा समोरून आला. पाइपाला तो खालच्या सावलीपेक्षाही गार लागला, आणि जीप न थांबता वरच्या वाडीत शिरली.