मुठीच्या कडेला

“मग सांगा ना चाचा, आता ही नळी इथं कशी तुटेल?”

रणधीरनं सायकलचा पुढचा चिमटा दस्तगीरचाचांच्या नाकासमोर धरला. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, आणि त्यांच्यावरची हँडलपर्यंत जाणारी पोकळ नळी. सगळा कार्बनचा, हातात घेतला तर वजनच लागत नाही. त्या नळीला हँडलच्या जरा खाली बारीक तडा गेला होता.

सायकल रणधीरच्या धाकट्या बहिणीची, मुग्धाची. रविवारी यवतेश्वरच्या घाटात शर्यत होती. चढायचं आणि परत उतरायचं. उतारावर ही नळी तुटली तर हँडल सुटून हातात येतं. पुढचं बोलायलाच नको.

रणधीरनं तोड काढली होती. तड्याच्या मागे आतून बसेल अशी ॲल्युमिनियमची आखूड, जाडजूड नळी. चिकटवायचं रेझिनही वाटीत कालवून तयार. गुरूनं, म्हणजे चाचांनी, फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

चाचा बोलायचे कमी. बोलले की समोरच्याची पंचाईत व्हायची.

“इथं नाही तुटणार,” चाचा म्हणाले.

रणधीरची छाती फुगली.

“मग कुठं तुटेल?” चाचांनीच विचारलं.

“...आँ?”

चाचांनी कोपऱ्यातल्या मोडक्या टोपलीतून बांबूची एक कामटी ओढून काढली.

“उभी धर. घट्ट.”

रणधीर तालमीतला गडी. त्यानं अशी मूठ आवळली की दंडाच्या शिरा उठल्या. चाचांनी कामटीचं वरचं टोक धरून वाकवलं.

कट्!

मुठीतला तुकडा जसाच्या तसा. मोडली ती बरोबर मुठीच्या कडेला.

“चाचा, तिकडं रेझिन वाळतंय!”

“वाळू दे.”

चाचांनी दुसरी कामटी दिली. “करंगळी घट्ट. वर येशील तशी बोटं सैल. अंगठा नुसता टेकव.”

कामटी वाकली... आणखी वाकली... चाचांनी टोक सोडलं तशी सरळ झाली.

रणधीर कामटीकडे बघत बसला. वाटीतल्या रेझिनचा दगड झाला होता. त्यानं वाटी उलटी करून ठोकली, आणि स्वतःशीच हसला.

“काय गाढव आहे मी! ही जाड नळी म्हणजे आवळलेली मूठच, तिच्या कडेलाच तुटलं असतं!”

चाचांनी नाही म्हटलं नाही.

रणधीरनं नवी नळी केली. लांब, आणि खालच्या टोकाकडे घासत घासत नखाइतकी पातळ. ती चिकटवली, आणि पुरती वाळेपर्यंत तिला हातही लावला नाही. मग चाचांनी नाणं घेऊन चिमट्याची नळी वरपासून खालपर्यंत वाजवली. आवाज कुठंच बद्द नाही, सगळीकडे खणखणीत.

“हं,” चाचा म्हणाले.

चाचांचं ‘हं’ म्हणजे हारतुरेच! रणधीर त्या सायकलवर आधी स्वतः घाट उतरून आला, आणि दिवसभर शीळ घालत हिंडला.

रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी सायकली ओळीनं उभ्या राहिल्या. मुग्धानं हेल्मेटचा पट्टा आवळला. रणधीर तिचं हँडल धरून उभा.

“दादा, सोड ना. शिट्टी होईल आता.”

“वळणाच्या आधीच ब्रेक धर. आणि काही वाजलं, जरा जरी हललं, तर लगेच...”

“हो रे बाबा!”

हात काही सुटेना. बोटं पांढरी पडली होती. मुग्धाला हसू येत होतं, आणि ह्याचे डोळे भरून आलेले.

“चाचा... नाही ना तुटणार?”

चाचा जवळ आले. त्याच्या आवळलेल्या मुठीवर त्यांनी आपला हात ठेवला.

“अंगठा नुसता टेकव.”