भरलेल्या कुपीचा पाहुणचार

पूर्वी, आपली पृथ्वी अजून घडायची होती तेव्हा, दुसऱ्या एका चक्रवाळात, म्हणजे दुसऱ्याच विश्वात, अरुणकेतू नावाचा राजा आकाशातल्या नगरांवर राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी कुपीधर होऊन राहिले होते. नाव सुव्रत. त्या आकाशात वारा नव्हता. जो तो आपली हवा काचेच्या घटात भरून कमरेला बांधी आणि नळीने ओढी. हवा निळसर असे, त्यामुळे कोणाजवळ किती उरली ते शेजाऱ्यालाही दिसे. शेजारी तिथेही शेजारीच होते, बघायचेच.

त्या लोकांत एक रीत होती. शत्रू भेटीला आला तर यजमानाने काचेच्या कुपीतला पहिला श्वास त्याला द्यायचा. कुपी रिती होईपर्यंत पाहुण्यावर आणि त्याच्या नगरावर शस्त्र उचलायचे नाही. पाहुण्यानेही तोवर आपल्या नगराचे दार उघडे ठेवायचे.

अरुणकेतूइतका नम्र राजा शोधून सापडला नसता. तो शत्रूचे पाय स्वतः धुई, पकडलेल्या सैनिकांना नवी वस्त्रे देऊन घरी पाठवी. कुपीत मात्र चारच श्वास भरवी. पाहुणा आसनावर नीट टेकतो न टेकतो तोच कुपी रिती होई आणि उघड्या दारातून सैन्य आत शिरे. अशी नऊ नगरे गेली. नऊही वेळा कुपी बोधिसत्त्वांनीच भरली होती. आज्ञा पाळणारा माणूस चांगलाच, असे तोवर त्यांनाही वाटत होते.

दहावे नगर कुमुदवती. तिथली वृद्ध राणी मंदालिका भेटीला निघाल्याचे कळले, तेव्हा बोधिसत्त्वांनी विचारले, "महाराज, मारायचंच आहे तर पाय कशाला धुता?"

राजा हसला. "सुव्रता, तू हवा भरण्यातच म्हातारा होणार. अरे, शत्रूला शिवी दिली की त्याच्या घरातली आजीसुद्धा मुसळ घेऊन उभी राहते. पाय धुतले की तोच दाराची कडी काढतो. सोडलेले सैनिक घरी जाऊन माझं गुणगान करतात, मग तिथे अर्धे म्हणतात राजा भला, अर्धे म्हणतात लबाड. त्यांचं त्यांच्यातच जुंपतं. आणि आपले सैनिक? त्यांना वाटतं, आपण सभ्य माणसाची चाकरी करतो. म्हणून हात कापत नाहीत त्यांचे."

"आणि दया?"

"ती कशाला? फुकट खाणारं माणूस ते."

बोधिसत्त्व कोठीत गेले. मनात म्हणाले, 'याची नम्रता खोटी असेल, पण बघणाऱ्यांनी ती खरी मानली आहे. तेवढं पुरे.' चार-दोन श्वास मागे ठेवून त्यांनी आपल्या घटातली सगळी हवा कुपीत ओतली. कुपी गळ्यापर्यंत निळी झाली.

कुमुदवतीच्या दारासमोर उभारलेल्या मंडपात राजाने राणीचे पाय धुतले, कोरडे केले. राणी म्हणाली, "बाबा, फार गोड बोलतोस. आईनं मधात बुचकळून वाढवलं का तुला?" सैनिक खुदखुदले. राजाही हसला, आणि हात पुढे केला. बोधिसत्त्वांनी हातात ठेवली ती भरलेली कुपी. एवढ्या माणसांदेखत ती परत कशी करणार? राणीने एक श्वास घेतला आणि झाकण घट्ट लावले.

राजा थांबला. राणी दुसरा श्वास घेईना. तिच्या कमरेला तिचा घट होता, तिला घाई नव्हती.

"घ्या ना, आजी."

"पोट भरलं रे."

राजाचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो सेनापती दृढबाहूवर ओरडला, "बघतोस काय? दार उघडं आहे, शिर आत!"

दृढबाहू म्हणाला, "महाराज, कुपी भरलेली आहे."

"अरे मूर्खा, ते नाटक होतं!"

मंडपात कोणी हलले नाही. दृढबाहूने तलवार काढून खाली ठेवली. "आमच्यासाठी नव्हतं, महाराज. मी माझ्या मुलांना तुमचं नाव घेऊन वाकायला शिकवलं."

इतक्यात बोधिसत्त्व कोसळले. घट रिकामा बघून सगळ्यांना कळले, कुपीतली हवा कोणाची. राणी झाकणाला हात घालू लागली, तेव्हा त्यांनी मान हलवून तिला अडवले. मग दृढबाहू गुडघ्यांवर बसला आणि आपली नळी त्यांच्या ओठांना लावली. त्याची हवा कमी होऊ लागली तसा दुसरा सैनिक पुढे आला. त्याच्यामागे तिसरा. ज्यांनी नऊ नगरे लुटली होती तेच सैनिक आपापल्या नळ्या सोडीत रांगेत उभे राहिले.

त्या दिवशी सैन्य परत फिरले. राणीने ते झाकण मरेपर्यंत उघडले नाही, आणि अरुणकेतूला जन्मभर तिचा आदर करावा लागला. सवयीने शेवटी शेवटी तो बराही झाला म्हणतात.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अरुणकेतू म्हणजे आजचा व्यापारी श्रेष्ठी चंदनक, जो दारात तुम्हाला वाकून नमस्कार करतो आणि आत जाऊन शिव्या घालतो. हसू नका, त्याचं वाकणं चालू राहू द्या. मंदालिका म्हणजे त्याची सासू. दृढबाहू म्हणजे वाढताना तुमच्या पात्रात भात दाबून भरणारा त्याचा स्वयंपाकी. आणि नऊ वेळा चुकून दहाव्यांदा शहाणा झालेला कुपीधर तो मीच."

आपला श्वासही देऊन टाकणे, याचेच नाव दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता.