मोहर लावलेला रांजण

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, एखादी वस्तू कुणाची हे ठरेपर्यंत तिच्याकडे कुणी बघायचं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

फार जुन्या काळी नदीकाठच्या एका गावात तो कुणालाच वेळेवर पडला नाही. त्याची ही गोष्ट आहे.

त्या गावात निळीनं कापड रंगवणारं एक घर होतं. घरात एक विधवा वहिनी होती आणि तिचा धाकटा दीर होता. दोघांच्या चुली वेगळ्या होत्या, पण धंदा एकच. अंगणात एक मोठा रांजण जमिनीत अर्धा पुरलेला होता, आणि दोन्ही चुली त्याच्यावर पेटत.

निळीचा रांजण विरजणासारखा जिवंत असतो. त्याला गूळ लागतो, चुना लागतो, टाकळ्याचं शिजवलेलं बी लागतं. रोज सकाळी तो काठीनं ढवळावा लागतो. मग त्याच्यावर तांबूस साय धरते. त्यात बुडवलेलं कापड हिरवट निघतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. हा रांजण वहिनीच्या सासऱ्यांच्याही आधीपासून चालत आला होता आणि त्या भागात दुसरा नव्हता. वहिनी त्याला खाऊपिऊ घालायची. दीर कापडं बुडवायचा आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा.

एकदा दिराच्या मनात आलं की धंदा मोठ्या पेठेत न्यावा. रांजण उकरून बैलगाडीत घालू, असं तो म्हणाला. वहिनी म्हणाली, गाडीच्या पहिल्याच धक्क्याला तो फुटेल. बोलण्यावरून बोलणं वाढत गेलं.

"रांजण माझ्या वडिलांचा आहे," दीर म्हणाला.

"वडिलांचा होताच," वहिनी म्हणाली. "पण त्याला काय हवंनको ते त्याच्या वासावरून मला कळतं. तुम्हाला फक्त गिऱ्हाईक आल्याचं कळतं."

दोघं न्यायाधीशाकडे गेली. न्यायाधीश सरळ माणूस होता. त्यानं आधी सांगितलं की माझ्यासमोर येण्यापूर्वी ओसरीवर बसा, एकमेकांशी बोलून बघा. दोघं ओसरीच्या दोन टोकांना बसली आणि न बोलताच आत आली.

त्या राज्यात एक रीत होती. ज्या वस्तूवरून वाद, तिला निकालापर्यंत मोहर लागे, म्हणजे कुणीही तिला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंनी मिळून मागितलं, तरच मोहर निघे. न्यायाधीशानं दोघांना विचारलं, रांजणाला मोहर लावू ना?

दिराला वाटलं, वहिनीचा हात लागण्यापेक्षा मोहर बरी. वहिनीलाही दिराबद्दल तेच वाटलं. दोघांनी माना हलवल्या. रांजणाच्या तोंडावर जाड कापड बांधलं गेलं आणि गाठीवर लाखेची मोहर बसली.

साक्षी सुरू झाल्या. एक साक्षीदार लेकीकडे गेला होता, दुसऱ्याची म्हैस व्याली होती. तारखा पुढे गेल्या. इकडे घरच्या ओसरीवर गावकऱ्यांच्या कापडांचा ढीग वाढत होता. पुढे लग्नसराई होती.

काही दिवसांनी अंगणातला वास बदलला. दोघांनाही तो आला. दिरानं शेजारणीकडून निरोप धाडला की वहिनींना मोहर काढायला यायचं असेल तर मी अडवणार नाही. वहिनीनं उलट निरोप दिला, ज्याला गरज आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं.

आणखी काही दिवस गेले. वास उग्र झाला. आता वहिनीला राहवेना. ती दिराच्या दारात गेली.

"भाऊजी, भांडण आहे तिथंच राहू दे. मी माघार घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. रांजण तेवढा जगवू. दोघं मिळून मोहर काढायला सांगू."

दीर हसला. "हरायला लागलात म्हणून आलात, वहिनी. माझा शेवटचा साक्षीदार राहिलाय. तो झाला की मोहर आपोआप निघेल."

वहिनी परत गेली. पुन्हा सांगायला ती आली नाही. तिलाही मान होता.

शेवटी निकाल लागला. वडिलोपार्जित वस्तू मुलाची, म्हणून रांजण दिराचा ठरला. न्यायाधीश स्वतः अंगणात आला. मोहर फोडली, कापड काढलं. साय कुठेच नव्हती. आत राखेच्या रंगाचं पाणी होतं.

दिरानं खांद्यावरचं उपरणं त्यात बुडवून वर काढलं आणि वाऱ्यावर धरलं. तिघंही बघत उभी राहिली. वारा चांगला सुटला होता. उपरणं मळकटच राहिलं.

"वहिनी," दिरानं हळूच विचारलं, "काय घालू यात?"

"आता काही नाही, भाऊजी. जे घालायचं ते तेव्हा घालायचं होतं."

न्यायाधीशानं हातातली लाख पिशवीत टाकली. निकाल बरोबर होता, आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

म्हणून एवढं लक्षात ठेवा: वाद खुशाल घाला, पण ज्यावरून वाद आहे ते जगवणं हे दोन्ही बाजूंचं पहिलं काम असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी आले आणि रंगवायला दिलेली आपापली कापडं पांढरीच परत घेऊन गेले.